सुनेआधीची चांदणी

रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो माझ्यासमोर आला आणि माझं पेन तिथेच थांबलं. आई स्ट्रेचरवर होत्या. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या जिन्यात, मीच नुकत्या पुसलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला होता आणि डावा खुबा मोडला होता. काउंटरमागच्या मुलाने शांतपणे विचारलं, “बेटी हैं?” मी काहीच बोलले नाही. “बहू?” त्याने पुन्हा विचारलं. उत्तर स्ट्रेचरवरून आलं, दातांवर दात दाबून, पण स्पष्ट: “हो. सून.” त्याने लिहून घेतलं, डॉटर-इन-लॉ.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, हे आता सांगायला हवं. आणि हेही, की कायद्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. २०१९ साली माझा घटस्फोट झाला. त्यांचा मुलगा श्टुटगार्टला असतो, त्याची बायको जर्मन आहे, त्यांना लहान मुलगी आहे. मी इथे एका केंद्रीय कार्यालयात अनुवादक आहे. क्वार्टर माझ्या नावावर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मी मराठी कथा इंग्रजीत नेते. आई सांगलीच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. दर दिवाळीला त्या गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरतात. निकाल लागला त्या वर्षी त्या येणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या आल्या. चकलीचा डबा ओट्यावर ठेवत म्हणाल्या, “तो कागद तुम्हा दोघांचा. माझी सही कुठे आहे त्याच्यावर?”

तरीही त्या रकान्यातला शब्द मला टोचत राहिला. ‘डॉटर-इन-लॉ’ मधला ‘लॉ’ हा मुळात चर्चचा कायदा. लग्नाने जोडल्या गेलेल्या कोणत्या माणसांशी पुन्हा लग्न करता येणार नाही, हे तो कायदा ठरवायचा. त्या मर्यादेत येणारी माणसं ती ‘इन-लॉ’: रक्ताने नसली तरी कायद्याने लेक, कायद्याने आई. माझ्या बाबतीत कायद्यानेच आपला शब्द मागे घेतला होता. ‘सून’ या शब्दात मात्र कायदा कुठे दिसत नाही. मग त्यात काय आहे? वीस वर्षं अनुवाद करूनही मी हा प्रश्न टाळत आले होते. मूळ कथेत ‘सून’ आली की मी तो तीन तुकड्यांचा शब्द लिहून पुढे जायचे. ‘सूनबाई’ आली तर तिला वाक्यातून हळूच उचलायचे आणि म्हातारीच्या तोंडी सुनेचं नाव घालायचे. कोणाही संपादकाने त्यावर कधी खूण केली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. सहा आठवडे आईंना फारसं हलायचं नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पलंग टाकला, मी रजा घेतली. त्यांना वाचायला द्यावं तर दहा मिनिटांत चष्मा काढून ठेवत. बोलायला मात्र हवं असे. अशाच एका दुपारी, श्टुटगार्टचा फोन येऊन गेल्यावर, त्यांनी विचारलं, “तिकडे सुनेला काय म्हणतात गं?”

“श्वीगरटोख्टर,” मी म्हटलं.

“अगंबाई! सून एका घासात होते. हिला तीन वेळा चावावं लागतंय.”

मग मी त्यांना तो शब्द उकलून दाखवला. ‘टोख्टर’ म्हणजे लेक. संस्कृत ‘दुहिता’ आणि ही एकाच घरची. ‘श्वीगर’ हा पूर्वी एकट्याने उभा राहणारा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता सासू. आपली ‘सासू’ संस्कृत ‘श्वश्रू’तून आली, लॅटिनची ‘सोक्रुस’ आणि जर्मनची ‘श्वीगर’ या तिच्याच बहिणी. पुढे जर्मनमध्ये सासूसाठी ‘श्वीगरमुटर’ हा जोडशब्द रुळला आणि त्याच साच्यात सासरा, जावई, सून सगळे ओतले गेले. तेव्हा ‘श्वीगरटोख्टर’चा शब्दशः अर्थ लावायचा तर ‘सासूलेक’.

आई हसल्या. हसल्यावर खुबा दुखला, म्हणून रागावल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्याकडे सुनेला स्वतःचा शब्दच नाही?”

होता. माझं एम.ए. तौलनिक साहित्याचं, जादवपूरचं. तिथे भाषाशास्त्र आम्हाला तोंडी लावण्यापुरतं होतं, पण कोश कसे चाळायचे हे नीट शिकवलेलं. त्या रात्री आई झोपल्यावर मी शोधायला बसले. जर्मनमध्ये सुनेसाठी जुना शब्द होता ‘श्नूर’. सोळाव्या शतकात मार्टिन लुथरने बायबल जर्मनमध्ये आणलं, त्यात रूथच्या गोष्टीत तो आहे. नाओमीचे दोन्ही मुलगे मरतात. ती आपल्या दोन ‘श्नूर’ घेऊन गावाकडे निघते. एक वाटेतून माहेरी परतते, दुसरी, रूथ, सासूला सोडायला तयार होत नाही. मूळ हिब्रूत त्या जागी जो शब्द आहे त्याचा अर्थ नवरी आणि सून असा दोन्ही होतो. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली छापून झालं. स्वतः विधवा असलेल्या या बाईंनी रूथच्या त्या वाक्यांपाशी किती वेळ काढला असेल, याचा विचार मी बराच वेळ करत बसले.

‘श्नूर’ आता प्रमाण जर्मनमधून गेला. यिडिशमध्ये तो जिवंत राहिला. इंग्रजीतही तो होता, ‘स्नोरु’ या रूपात. चौदाव्या शतकाच्या आसपास ‘डॉटर-इन-लॉ’ आली आणि तो विसरला गेला. ज्या शब्दावाचून मी इंग्रजीत इतकी वर्षं अडत होते, तो इंग्रजीने एके काळी वापरून टाकून दिला होता. आणि या सगळ्यांच्या मागे कोशकारांनी एक रूप मांडलं होतं, ज्याच्या आधी एक छोटी चांदणी होती: *स्नुझो.

सकाळी चहा देताना मी तो कागद आईंना दाखवला.

“चांदणी कशाला? शंका आहे म्हणून?”

“लिहिलेलं कुठे सापडलं नाही म्हणून.”

मूळ जर्मानिक म्हणतात ती भाषा इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात होती, असं मानतात. तिच्यातलं एक पानही आपल्याकडे नाही. इंग्रजी, डच, जर्मन, स्वीडिश, आइसलँडिक ही तिची पतवंडं. त्यांच्या तोंडावळ्यावरून पणजीचा चेहरा काढायचा, असा हा उद्योग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ऑगस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने अशा काढलेल्या रूपांआधी चांदणी लावायची पद्धत रूढ केली. हे रूप कोणी लिहिलेलं नाही, ते वंशजांवरून सिद्ध केलंय, एवढंच ती सांगते.

आईंनी कागद परत दिला. “जात्यावरच्या ओव्या तरी कुणी लिहून ठेवल्या होत्या? माझ्या आजीला शंभर येत होत्या. तिला सही येत नव्हती.”

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमा करवल्या, तेव्हा कुठे त्यांच्यावरची चांदणी पुसली गेली, हे मी त्यांना सांगितलं. त्यातल्या किती ओव्यांत सासू आणि सून आहेत, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

पुढचे काही दिवस दुपारचा चहा या शब्दावरच झाला. *स्नुझो हे रूप कसं सिद्ध होतं, हे मी मलाच समजावत होते आणि आई मधूनमधून तास घेतल्यासारख्या टोकत होत्या.

या शब्दात सुरुवातीचे स आणि न सोपे आहेत. कोडं आहे ते शेवटच्या व्यंजनाचं. संस्कृतात ‘स्नुषा’. त्यातला ष मूळचा स; आधी उ आहे म्हणून त्याचा ष झाला. जुन्या इंग्रजीत ‘स्नोरु’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘स्नुर’, जुन्या नॉर्समध्ये ‘स्नोर’. या सगळ्यांनी स च्या जागी र का घेतला? जर्मानिक भाषांत काही शब्दांतला स तसाच राहिला होता, काहींतला आधी मऊ होऊन झ झाला, इंग्रजी ‘झू’मधल्यासारखा, आणि पुढे त्या झ चा र. एकाचं असं आणि दुसऱ्याचं तसं का, हे कोणाला सांगता येईना. १८७५ साली कार्ल वेर्नर या एकोणतीस वर्षांच्या डॅनिश अभ्यासकाने उत्तर दिलं. झोप यावी म्हणून त्याने बॉपचं तौलनिक व्याकरण हातात घेतलं आणि ‘पितृ’ व ‘भ्रातृ’ या शब्दांवरच्या वैदिक स्वरचिन्हांनी त्याची झोप उडाली, अशी आठवण सांगतात.

“पाठशाळेतली मुलं मान वरखाली करत म्हणतात, ते स्वर?” आईंनी विचारलं.

तेच. वैदिक शब्दात एक अक्षर उदात्त असतं. वेर्नरने दाखवलं की हा उदात्त व्यंजनाच्या लगेच आधीच्या स्वरावर असेल तर जर्मानिकमध्ये स टिकतो. नसेल तर त्याचा झ होतो. ‘स्नुषा’त उदात्त शेवटच्या ‘आ’वर आहे. ग्रीकमध्ये सुनेला ‘नुओस’ म्हणत. तिथेही आघात शेवटावर. म्हणून जर्मानिकमध्ये झ, आणि नंतर र. पुढे त्या भाषांनी आघात शेवटावरून उचलला आणि शब्दाच्या सुरुवातीला नेऊन ठेवला, त्यामुळे तो कधी शेवटावर होता हे त्यांच्या उच्चारातून कळेनासं झालं. खूण राहिली ती या र मध्ये. एका भाषेने जे हरवलं ते तिने स्वतःच्याच अंगावर कुठेतरी नोंदवून ठेवलं होतं, आणि ती नोंद वाचायला दुसऱ्या भाषेतल्या पाठांतराची गरज पडली.

त्या झ चा जवळजवळ साक्षीदार म्हणावा असाही एक आहे. १५६० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये ओझ्ये द बुसबेक हा फ्लँडर्सचा वकील राहत होता. त्याने क्रिमियातून आलेल्या दोन माणसांकडून त्यांच्या गॉथिक बोलीतले ऐंशीएक शब्द टिपून घेतले. यादी छापली तेव्हा ‘नवरी’ या अर्थाचा एक शब्द ‘श्चुओस’ असा उमटला. त्यातला यू हा उलटा पडलेला एन आहे, मूळ शब्द ‘श्नोस’, असं बहुतेक अभ्यासक वाचतात. गॉथिक शाखेत झ चा र झाला नव्हता. म्हणून तिथे शेवटी र नाही, स आहे. एक खिळा उलटा बसला आणि एका सुनेला ओळखायला अभ्यासकांना मेहनत पडली.

“प्रूफं कोणी तपासली होती?” आई म्हणाल्या. मुद्रितशोधनाबद्दल त्यांची मतं कडक आहेत.

व्याकरणाकडे वळल्यावर त्या खऱ्या रंगात आल्या. भारत-युरोपीय कुळाचं जे सर्वांत जुनं रूप काढलं जातं ते ‘स्नुसोस’, पुन्हा चांदणीसकट. त्याचा शेवट पाहिला तर ‘देवस्’, ‘अश्वस्’ यांच्यासारखा, पुल्लिंगी वाटावा असा. शब्द मात्र स्त्रीलिंगी. ग्रीकने तो विचित्रपणा तसाच ठेवला. लॅटिनला तो सहन झाला नाही. तिथे सून ‘नुरुस’ झाली आणि तिने आपले सगळे प्रत्यय ‘सोक्रुस’कडून, म्हणजे सासूकडून घेतले. संस्कृत आणि जर्मानिक यांनी तिसरी वाट धरली. दोघींनी तिला सरळ स्त्रीलिंगी नामांच्या रांगेत बसवलं: इकडे ‘माला’च्या चालीवर ‘स्नुषा’, तिकडे ओकारान्त स्त्रीलिंगी ‘स्नुझो’. तिकडे प्रथमेत ‘स्नुझो’, षष्ठीत ‘स्नुझोझ’, चतुर्थीत ‘स्नुझोइ’.

“आणि आमची?”

मराठीत तो शेवटचा ‘आ’ गळून गेला आणि ‘सून’ उरली. पण तो पुरता गेलेला नाही. अनेकवचन केलं की ‘सुना’ म्हणून पुन्हा दारात उभा राहतो. विभक्ती लावली की ‘सुनेला’, ‘सुनेचा’. तो ‘ए’ प्राकृतातल्या आकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या रूपांमधून आलाय. ‘भिंत’ मूळची ‘भित्ति’, म्हणून ‘भिंतीला’. ‘माळ’ मूळची ‘माला’, म्हणून ‘माळेला’. आईंनी चौतीस वर्षं फळ्यावर ‘भिंत, भिंती-, माळ, माळे-’ असं सामान्यरूप लिहून मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “पोरं विचारायची, असं का? मी सांगायचे, असंच असतं.”

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या पंजाबी काकू दलिया घेऊन आल्या. दाराशी माझ्याकडे बोट करून त्यांनी आईंना विचारलं, “ए तुहाडी नूंह ए?” आईंना ‘नू’ एवढंच ऐकू आलं. काकू गेल्यावर मी सांगितलं, नूंह म्हणजे सून. आणि नुसता अर्थ एक नाही, शब्दही तोच आहे. हिंदीची ‘बहू’ ‘वधू’तून आली, बंगालीची ‘बौमा’ही तिकडचीच, पण पंजाबी आणि सिंधीने स्नुषा धरून ठेवली. प्राकृतात ‘स्नुषा’चा उच्चार जिभेला जड झाला तेव्हा लोकांनी दोन युक्त्या केल्या. काहींनी न पुढे ठेवला, ‘ण्हुसा’. त्यातून पंजाबीची नूंह. काहींनी स पुढे घेतला, ‘सुण्हा’. त्यातून आपली सून. ‘गाहा सत्तसई’त, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, ती ‘सोण्हा’ या रूपात भेटते. एकाच जिन्यात वर न ची सून आणि खाली स ची सून. दुसऱ्या दिवशी काकूंचा डबा परत करायला मला पाठवताना आई म्हणाल्या, “नूंहकडून डबा पाठवलाय म्हणून सांग.”

मात्र हा शब्द मला कधी निखळ गोड वाटलेला नाही, हेही लिहायला हवं. ऐतरेय ब्राह्मणात एक उपमा आहे: सून सासऱ्याला लाजून जशी आडोशाला सरते, तशी. स्नुषा त्या जुन्या वाङ्मयात येते ती अशी, अंग चोरून. मीही लग्नानंतरची सहा-सात वर्षं सांगलीच्या त्या घरात पुष्कळ अंग चोरलं होतं, आणि तेव्हा आई आजच्यासारख्या नव्हत्या. पहाटे तीनला त्यांना कुशीवर वळवताना, बेडपॅन धरताना, मला ते सगळं आठवायचं. श्टुटगार्टहून फोन यायचा, “तू आहेस म्हणून बरं.” पैसे यायचे. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायचे. नातं संपल्याचा कागद माझ्याकडे होता आणि नात्याचं काम तेवढं उरलं होतं.

या मनःस्थितीत मी शब्दाच्या मुळापाशी पोहोचले. आईंनीच वाट दाखवली. त्यांच्या पाठांतरात ‘सूनु’ होता, म्हणजे पुत्र. ‘सूनुची ती सून, दुसरं काय?’ असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की पंडितांचा एक पक्ष हेच म्हणतो. ‘पुत्र’वाचक शब्द, तोच ज्यातून इंग्रजी ‘सन’ आला, त्याच्यापासून ‘पुत्राची ती’ अशा अर्थाने हे नाम बनलं. आक्षेप असा की ‘सूनु’चं अख्खं पहिलं अक्षर, तेही दीर्घ, इथे आखडून नुसतं ‘स्न’ कसं झालं? दुसरा पक्ष लग्नाशी, जोडण्या-बांधण्याशी नातं असलेल्या धातूकडे बोट दाखवतो. स्त्रीने लग्न करणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद ‘नूबेरे’ त्याच घरचं, असं ते म्हणतात. दोन्ही पक्ष अजून आपापल्या जागी उभे आहेत.

मी हे सांगितलं आणि खोली थोडी शांत झाली. पहिला अर्थ खरा असेल तर मी २०१९ पासून सून नाही. ज्याची म्हणून होते तोच मध्ये राहिला नाही. दुसरा खरा असेल तर कोणी कोणाला बांधलं, हा प्रश्न उरतो.

आई छताकडे पाहत म्हणाल्या, “पहिल्या अर्थाने घेतलं तर तुला मी तेव्हाच पोस्टाने परत पाठवायला हवी होती.” मग बऱ्याच वेळाने, “तुझं चुकलं काही नव्हतं. मी तेव्हा बोलले नाही. तुझ्या बाजूने बोलायला पाहिजे होतं, ते बोलले नाही.”

मी चहाचे कप उचलले. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि ते ऐकायचं राहिलं होतं हे मला ते ऐकल्यावरच कळलं.

डिसेंबरच्या मध्यावर त्या वॉकर घेऊन बाहेर पडल्या. दुपारचं ऊन होतं. वॉकर टेकत, थांबत, कॉलनीच्या नावाच्या पाटीपर्यंत गेलो. आईंनी ती मोठ्याने वाचली, “लक्ष्मीबाई नगर,” आणि म्हणाल्या, “सासरचं नाव दिलंय.”

इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका १८४२ साली झाशीच्या नेवाळकरांकडे गेली आणि लक्ष्मीबाई झाली. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, तसंच हेही. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. कायदा म्हणाला, हे नातं आम्ही धरत नाही. तिने ते घर तरी धरून ठेवलं, सासरच्याच नावाने. आईंचंही माहेरचं नाव कुसुम होतं. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. माझं नाव मी बदलू दिलं नव्हतं, आणि त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. पाटीखाली उभ्या राहून त्यांनी तो अबोला आठवून दाखवला. “किती मूर्खपणा,” एवढंच म्हणाल्या. कोणाचा, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री श्टुटगार्टचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पडद्यावर ती जर्मन मुलगी होती, मांडीवर नात. ती आईंशी तुटक इंग्रजीत बोलते, आई तिच्याशी ठसठशीत मराठीत. आईंनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि इतके दिवस मनात घोळवलेला शब्द तिच्याकडे बोट करून म्हटला, “श्नूर!” ती गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला, ती उठून गेली, आणि खाकी सुतळीचा एक गुंडा आणून तिने कॅमेऱ्यासमोर धरला. आजच्या जर्मनमध्ये ‘श्नूर’ म्हणजे दोरी. हा वेगळा शब्द आहे, वेगळ्या मुळाचा. उच्चार तेवढा एक झाला, आणि सुनेचा शब्द मागे पडल्यावर दोरी एकटी उरली. मी मध्ये पडून इंग्रजीत सगळं समजावलं. तिने सुतळी खाली ठेवली आणि मला विचारलं की मराठीत तो शब्द अजून चालतो का. रोज, मी म्हटलं. “आणि अनेकवचन?” तिने विचारलं. भाषेच्या शिक्षिकेची सून शोभली. “सुना,” आईंनी पलीकडून सांगितलं, आणि आम्हा दोघींकडे, एकीकडे पडद्यात आणि एकीकडे पलंगापाशी, पाहिलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासणीसाठी पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. काउंटरवर दुसरा मुलगा होता. जुना कागद सापडेना, म्हणून त्याने नवा फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता. ‘रुग्णाशी नाते’. या वेळी मी तो देवनागरीत भरत होते, आणि पेन थांबलं नाही. आई शेजारच्या खुर्चीवर वॉकर धरून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, वाकून माझ्या अक्षराकडे पाहिलं.

“उकार दीर्घ काढ,” त्या म्हणाल्या. “घाईत ऱ्हस्व झालाय.”